रेवडीचा दाखला

भूपालअण्णा चौगुल्यांना पहिला संशय आला तो ऐनापुरे मास्तरांचा.

मास्तर समोरच राहायचे. हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पोरं परगावी, घरात ते आणि त्यांचा डॅशहाउंड. कुत्रं वीतभर उंच आणि हातभर लांब, पोट जमिनीला घासेल की काय असं वाटायचं. मास्तरांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं. अण्णांची बायको त्रिशला होती तोवर मास्तर सणासुदीलाच घरी यायचे. ती माघाच्या शेवटी गेली, आणि चैत्र लागल्यापासून मास्तर एक दिवसाआड यायला लागले. पैलवानाला काखेत मारून.

"अण्णा, आमचा मुलगा बघा. निर्व्यसनी आहे. दोन वेळा खातो आणि पडून असतो. सासुरवाडीला त्रास नाही."

"आणि उंची?"

"उंची काय बघतासा? तुमची पोरगी तरी कुठं ताडमाड वाढलीय?"

पोरगी म्हणजे रेवडी. त्रिशलाची पामेरियन. चौगुल्यांना मूलबाळ झालं नाही. साडेचार वर्षांपूर्वी त्रिशलानं हे पिल्लू ओटीत घालून आणलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, घरात केस होतील. झाले. आता त्रिशला नव्हती आणि केस तेवढे अजून सगळ्या घरात सापडत होते.

मास्तरांना इतकी घाई कसली, हे अण्णांना कळेना. अशा मिश्र पिल्लांना मागणी फार होती, हे त्यांनी ऐकलं होतं. लांबट अंग आणि झुपकेदार शेपूट. मास्तरांना धंदा करायचा असणार. तसं त्यांनी तोंडावर विचारलंही.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "धंदा करायचा असता तर पैलवानाला दहा ठिकाणी नेला असता. अण्णा, तुम्ही दिवसातनं चार वाक्यं बोलता. त्यातली तीन कुत्रीशी. ती पण म्हातारी होणार एक दिवस. मग?"

तेवढं मात्र अण्णांच्या मनाला लागलं. जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण पाच वर्षांच्या आत झालं तर झालं, पुढं जिवाला धोका. रेवडी महिनाभरात माजावर येणार होती. ही एक वेळ गेली की संपलं. त्रिशलाच्या हातचं म्हणावं असं घरात एकच जिवंत उरलं होतं, आणि ते पुढं चालवायचं की नाही हे अण्णांना ठरवायचं होतं.

ठरवायचं म्हटलं तरी आता ते आपल्या मनावर राहिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मिश्र कुत्र्यांचं वेड आलं होतं. बसक्या नाकाची आणि लांब पाठीची पिल्लं घरोघर झाली, निम्मी धापा टाकून मेली, उरलेली मागचे पाय ओढत फिरली. तेव्हापासून सरकारनं नियम केला होता. दोन वेगळ्या जातींची पाळीव कुत्री एकत्र आणायची तर आधी संकर दाखला काढायचा.

"पत्रिका जुळवतात तसंच की," मास्तर म्हणाले. "फक्त गुरुजींच्या जागी यंत्र."

"गुरुजी तरी ओळखीचे असतात," अण्णा म्हणाले.

*

जनावरांच्या डॉक्टर अर्चिता शिरगुप्पे वयानं तिशीच्या. त्यांनी दोन्ही कुत्र्यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. मग रेवडीच्या शेपटीचे आणि पैलवानाच्या मानेचे चार लांब केस मुळासकट उपटले. पैलवान ओरडला. रेवडी गप्प राहिली.

"केस कशाला?" अण्णांनी विचारलं.

"काका, तुम्ही काय करत होता?"

"जॉबर. मागाचा."

इचलकरंजीत हे पुढं समजावून सांगावं लागत नाही. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. अण्णांनी चाळीस वर्षं ते केलं होतं. नुसत्या आवाजावरून ते कुठला नट ढिला आहे ते सांगायचे. आता मागांनाच कान बसवले होते. बिघाड व्हायच्या आधी माग स्वतः कळवायचा. तरी यंत्राला कळेना झालं की मागांच्या शेडातून अण्णांना बोलावणं यायचं.

"मग तुम्हाला लगेच कळेल," डॉक्टर म्हणाल्या. "जकार्डचे पत्ते असतात ना, भोकं पाडलेले? पत्त्यात असेल तशी नक्षी कापडात उतरते. कुत्र्याच्या शरीरातही तसेच पत्ते असतात, आईबापाकडून आलेले. ते या काडीवरून कळतात. पण समजा, पत्त्याच्या काही भोकांवर कुणी चिकटपट्टी लावली तर?"

"पत्ता तोच राहील. नक्षी चुकंल."

"बरोबर. जिवाला फार दिवस भीती सोसावी लागली, तर शरीरात अशा पट्ट्या बसतात. आम्ही त्यांना ठसे म्हणतो. पत्ता बदलत नाही, पण कुत्रं बदलतं. आणि ती भीती आईची असेल, तर त्यातले काही ठसे पिल्लांतही उतरतात. पिल्लू जन्मतःच दचकणारं निघतं, कारण नसताना."

"आणि केस?"

"ठसा बसलाय हे काडी सांगते. कधी बसला ते केस सांगतो. केस हळूहळू वाढतो. टोक जुनं, मूळ आजचं. भीतीच्या वेळी रक्तात जे द्रव्य उतरतं ते त्या त्या दिवसांच्या केसात अडकून राहतं. पंधरा दिवस इकडं किंवा तिकडं, एवढाच फरक."

अण्णांनी मान हलवली. कापडाचंही असंच असतं. ज्या दिवशी विणलं त्या दिवशीचा दोष त्या हातभर कापडात राहतो. हे त्यांना पटलं. पटलं म्हणूनच पुढं सगळं घडलं.

*

चार दिवसांनी निकाल आला. पत्ते जुळत होते. पिल्लांच्या पाठीचा मणका जपावा लागेल एवढंच. पैलवानाचा केस स्वच्छ होता, फक्त दिवाळीच्या जागी एक टोक वर गेलेलं.

"फटाके," डॉक्टर म्हणाल्या.

"पैलवान!" मास्तर त्याच्याकडं बघून म्हणाले. "कॉटखाली होता दोन दिवस."

मग डॉक्टरांनी रेवडीचा कागद काढला, आणि मास्तरांना जरा बाहेर बसायला सांगितलं.

कागदावर एक रेघ होती. सरळ चाललेली. श्रावणात ती वर चढली आणि चढलेलीच राहिली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. पौष सरता सरता खाली आली. माघाच्या शेवटी अजून एकदा थोडी उचललेली.

"शेवटचं ते काकू गेल्या तेव्हाचं असेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे आधीचं साडेपाच महिन्यांचं? एवढी भीती मी फक्त छळातून सोडवून आणलेल्या कुत्र्यांत बघते. काका, विचारते म्हणून रागावू नका. घरात कुणी हिला मारायचं का?"

"आमच्या घरात?"

"यंत्र कधी ते सांगतं. कोण ते सांगत नाही."

दाखला मिळायला अडचण नव्हती. नियमाप्रमाणं मालकाला ठशांची माहिती द्यायची, आणि तरीही पिल्लं हवीत अशी त्याची सही घ्यायची. अण्णांनी सही केली नाही. कागद घडी करून खिशात घातला.

मास्तरांना त्यांनी तो दाखवला नाही.

शेडात एक रीत होती. एकाच मागावर एकाच जागी धागा तुटायला लागला, तर माग खोलायच्या आधी जॉबर विचारायचा, कुठल्या पाळीपासून? आणि त्या पाळीला माग कुणाच्या हातात होता? दहातल्या नऊ वेळा तिथंच उत्तर सापडायचं. कुणीतरी नवा हात लागलेला असायचा.

श्रावणात घरात कोण होतं? अण्णा. त्रिशला, जिला आजारानं अंथरुणाला खिळवलं होतं. आणि रंजना माळी. त्रिशलाची अंघोळ, कूस बदलणं, पट्टी करणं यासाठी ठेवलेली बाई. ती नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागली. रोज दहाला यायची, एकला जायची. त्याच वेळात अण्णा शेडात असायचे. त्यांना जायचं नसायचं, पण त्रिशला बसू द्यायची नाही. "तीन तास माग बघून या. दिवसभर माझं तोंड काय बघतासा?"

नवा हात एकच होता.

आणि मग अण्णांच्या मनात त्याहून वाईट आलं. कुत्री पळू शकत होती. भुंकू शकत होती. जी बाई मुक्या जनावराला त्यांच्या माघारी मारत होती, ती कूसही बदलता न येणाऱ्या माणसाशी कशी वागली असेल? संध्याकाळी आपण विचारायचो, कसं काय आज? त्रिशला हसून म्हणायची, छान. ती घाबरून तर तसं म्हणत नव्हती?

रेघ पौषात उतरली आणि त्रिशला माघाच्या शेवटी गेली, हे त्यांना दिसलं होतं. पंधरा दिवसांचा फरक धरायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. त्यांनी तो धरला आणि तो विचार सोडून दिला.

*

रंजनाला त्यांनी वॉकर न्यायच्या निमित्तानं बोलावलं. घरात पडून आहे, कुणा गरजूला द्या, असं सांगितलं.

ती दुपारी आली. चाळिशी ओलांडलेली, दंडानं भक्कम. चप्पल बाहेर काढून आत आली आणि म्हणाली, "अण्णा, बारीक झालासा की. जेवतासा का न्हाई?"

अण्णांचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. ते रेवडीकडं बघत होते.

रेवडी स्वयंपाकघराच्या दारातल्या पायपुसण्यावर झोपली होती. रंजनाचा आवाज ऐकताच ती उठली. शेपूट पोटाखाली गेली. अंग थरथरायला लागलं, इतकं की नखं फरशीवर वाजली. मग तिथंच फरशी ओली झाली, आणि ती पोटावर सरपटत आतल्या खोलीत, त्रिशलाच्या कॉटखाली गेली.

"आगं रेवडे, मी हाय की," रंजना म्हणाली.

"बघितलं?" अण्णा म्हणाले. "बघितलंत ना?"

"काय?"

अण्णांनी खिशातला कागद काढून तिच्यासमोर धरला. श्रावणावर बोट ठेवलं. "इथनं तुम्ही आलात. इथनं ही घाबरायला लागली. काय करत होता तुम्ही माझ्या घरात? कुत्रीला मारत होता, का दोघींना?"

रंजनाला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंसुद्धा. मग तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं, आणि तोंड मिटलं.

"बोला की."

"मला काय बी बोलायचं न्हाई."

"म्हणजे खरं आहे."

"तुम्हाला कागद खरा वाटतोय तर कागदाला इचारा," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. वॉकर तसाच राहिला.

खरा माणूस गप्प बसत नाही, असं अण्णांनी शेडात चाळीस वर्षं पाहिलं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी मास्तरांना सगळं सांगितलं. सांगताना त्यांना ठाऊक होतं की रंजना आता मास्तरांच्या बहिणीकडं, गुणाआक्काकडं कामाला आहे. आक्का घसरून पडल्या होत्या. ते काम अण्णांनीच शब्द टाकून लावून दिलं होतं.

मास्तर बराच वेळ पैलवानाचे कान चोळत बसले. "अण्णा, तुमची खात्री आहे?"

"कुत्री खोटं बोलंल?"

"कुत्री बोलली कुठं? ती थरथरली."

"मास्तर, तुमची बहीण पडून आहे. मी सांगायचं काम केलं."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी रंजनाला येऊ नको म्हणून सांगितलं.

*

अण्णांना पोलिसांत तक्रार द्यायची होती. त्यासाठी 'मारहाणीमुळे' असं एक वाक्य लिहिलेला, शिक्का मारलेला कागद हवा होता. डॉक्टर शिरगुप्पे म्हणाल्या, "ते मी लिहू शकत नाही. मी मारहाण बघितली नाही."

"तुम्हीच विचारलंत, कुणी मारायचं का म्हणून."

"विचारलं. सांगितलं नाही." त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. "बसा, काका. मी पूर्ण नोंद काढते. दाखल्याला एकच रेघ लागते, म्हणून मी एकच छापली होती. ती चूक झाली माझी."

पडद्यावर पहिल्या रेघेच्या शेजारी दुसरी आली, हिरवी.

"ही माया," डॉक्टर म्हणाल्या. "शास्त्रात मोठं नाव आहे. कुत्रं आपल्या माणसाला चिकटून असतं तेव्हा त्याच्या अंगात एक वेगळं द्रव्य वाढतं. पिल्लाला पाजतानाही तेच वाढतं. ज्या कुत्र्याला घरात मार बसतो त्याची ही रेघ बसते. भीती वर, माया खाली. शंभरात शंभर वेळा. आता रेवडीची बघा."

दोन्ही रेघा श्रावणात एकदम चढल्या होत्या, बैलजोडीसारख्या बरोबरीनं.

"असं मी एकदाच बघितलंय. एका कुत्रीची जोडीदारीण विहिरीत पडली होती. ही दोन दिवस काठावर भुंकत बसलेली." डॉक्टरांनी अण्णांकडं बघितलं. "काका, रेवडी स्वतःसाठी घाबरत नव्हती. दुसऱ्या कुणासाठी तरी घाबरत होती."

डॉक्टरांना वाटलं, यानं माणूस शांत होईल. अण्णांना त्यातून एकच कळलं. कुत्रीला कुणी मारलं नव्हतं. म्हणजे त्रिशलाला मारलं होतं. कुत्री बघत होती.

ते उठले आणि शिक्क्याचा कागद न घेताच बाहेर पडले.

*

रंजनाचं घर नदीकडच्या बाजूला होतं. दोन खोल्या, पुढं दगडी पायरी. ती दारात बसून मेथी निवडत होती. अण्णांना बघून उठली नाही.

"पोलिस आणलेत का संगट?"

"रंजनाताई, मला एकदाच खरं सांगा. तिला काय केलंत? त्या वेळात ती ओरडायची का?"

रंजनाचा हात थांबला. तिनं मान वर केली. मग म्हणाली, "वरडायच्या."

अण्णा आणखी जवळ आले.

"रोज वरडायच्या. मी एक कूस बदलली की वरडायच्या. हाडं दुखायची ओ त्यांची. हात लावला तरी दुखायची. तोंडात टॉवेल धरायच्या, शेजारी ऐकू जाईल म्हणून. आन् ही कुत्री कॉटखाली बसून थडाथडा कापायची. बाहेर काढली तर दार खरवडायची, म्हणून वैनी म्हणायच्या, असू दे आतच."

"खोटं. सकाळची गोळी घेतल्यावर तिला दुखायचं नाही. डॉक्टरांनी जोराची गोळी दिली होती."

"घेत होत्या का पण?"

"मी स्वतः काढून ठेवून जायचो. वाटीत."

"तुम्ही ठेवायचासा. तुम्ही गेलासा की त्या मला मोरीत टाकायला लावायच्या." रंजनानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "ती गोळी घेतली की दिवसभर झोप लागायची. रातीपतोर डोळा उघडायचा न्हाई. सुरवातीला दोन दिवस तसं झालं. तुम्ही शेडातनं आलासा, आन् सांज झाली तरी त्या झोपलेल्याच. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, रंजे, हे माझ्याजवळ नुसते बसून राहतात गं. सकाळची गोळी नगं मला. सकाळ मी काढते, सांज मला यांच्याशी बोलायला पायजे. रातची घ्यायच्या, तुम्हाला बोलून झालं की."

अण्णा म्हणाले, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? परवा का नाही सांगितलं?"

"गोळी टाकली त्या पैल्या दिवशीच माझा हात आपल्या डोस्क्यावर ठेवून शपत घ्यायला लावली. यांना कधी कळायचं न्हाई. मी मेल्यावर बी न्हाई. तुमच्या कागदासाठी मी मेलेल्या माणसाची शपत मोडू?" तिचा आवाज चढला. "आता मोडली. काम गेलं, गल्लीत नाव गेलं, तरी मोडणार नव्हते. पण तुम्ही इचारलं, वरडायची का म्हणून. त्याला न्हाई म्हणवलं न्हाई मला."

अण्णांना ते खरं मानायचं नव्हतं. ते खरं मानण्यापेक्षा रंजना गुन्हेगार असलेली परवडत होती. त्यांनी खिशातून तो कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. ते त्यात काहीतरी शोधत होते, तिला खोटं पाडेल असं.

रेघ पौष सरता सरता खाली आली होती. त्रिशला माघाच्या शेवटी गेली. मधे चार आठवडे जात होते. पंधरा दिवसांत ते बसत नव्हते. त्या चार आठवड्यांत रंजना येत होतीच. रोज, दहाला. शेवटच्या दिवशीही ती होती. तोच हात, तेच अंथरूण, तीच कुत्री. आणि रेघ खाली.

"पौषाच्या शेवटी काय बदललं?" त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांना आठवलं.

"डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी दिली की," रंजना म्हणाली. "दंडाला. ती तुम्ही स्वतः लावायचासा. ती काय मोरीत टाकता येईना. मग झोपूनच असायच्या त्या."

पाळी तीच, माणूस तोच, माग तोच, आणि धागा तुटायचा थांबला. म्हणजे दोष हातात नव्हता. शेडातल्या नव्या पोरालाही हे कळलं असतं.

अण्णा पायरीवर बसले. त्यांना त्या संध्याकाळी आठवल्या. त्रिशला उशीला टेकून बसायची आणि विचारायची, आज कुठल्या मागानं त्रास दिला? ते अर्धा-अर्धा तास सांगायचे. कुठला बोल्ट, कुठला पट्टा. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, आज बरी दिसते. शेवटच्या चार आठवड्यांत ती बोलेनाशी झाली तेव्हा ते शेडात मित्रांना म्हणाले होते, पट्टी चालू केल्यापासून जास्त झालं तिला.

रंजनानं आतून पाणी आणून दिलं.

*

त्याच दिवशी अण्णा गुणाआक्कांकडं गेले. मास्तरांनाही बोलावून घेतलं. दोघांसमोर उभं राहून म्हणाले, "मी खोटं बोललो. रंजनाताईंनी काही केलं नाही. मी नीट बघितलं नव्हतं." का आणि कसं ते त्यांनी सांगितलं नाही. आक्कांनी खोदून विचारलं तरी सांगितलं नाही. आक्का म्हणाल्या, "भूपाल, तुझ्या सांगण्यावर मी बाई काढली. आता तुझ्या सांगण्यावर घ्यायची?" तरी त्यांनी निरोप धाडला.

परत येताना मास्तरांनी विचारलं, "मग त्या सहीचं काय केलंत? ठसे वगैरे असले तरी मला चालतील हो पिल्लं. दचकली तर दचकली. आमचा पैलवान कुठं शूर आहे?"

अण्णा चालत राहिले. "मास्तर, तिच्या अंगात जे बसलंय ते त्रिशलानं माझ्यापासून लपवलेलं आहे. जिवापाड लपवलं. मला तिचं काहीतरी मागं राहायला पाहिजे होतं, म्हणून मी ते पिल्लांत घालू? आणि चार घरी वाटू? त्या पिल्लांनी काय बघितलंय? ज्यांनी बघितलं नाही त्यांनी का कापायचं?"

मास्तरांना अर्धंच कळलं. पण त्यांनी पुढं विचारलं नाही. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "बरं. पैलवानानं तसंही ब्रह्मचारी राहावं. तालमीचा नियमच आहे."

अण्णा हसले. माघानंतर पहिल्यांदा, आणि त्यांचं त्यांनाच ते विचित्र वाटलं.

डॉक्टर शिरगुप्प्यांना त्यांनी अर्ज रद्द करा म्हणून सांगितलं, आणि एकच प्रश्न विचारला. पत्त्यावर बसलेल्या या पट्ट्या निघतात का?

"निघतात असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण सैल होतात. ज्या गोष्टीची भीती बसली, ती गोष्ट पुन्हा पुन्हा समोर यावी आणि काहीही वाईट घडू नये. रोज. बरेच महिने. कुत्र्याचं आयुष्य पुरतं तेवढ्याला, कधी कधी."

आक्कांकडं रंजना आता दुपारनंतर जायची. सकाळ तिची मोकळी असायची. अण्णा दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेले, रेवडीला काखेत घेऊन. रस्त्यातच ती थरथरायला लागली होती. अण्णांनी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं आणि म्हणाले, "माझा हक्क नाही. तरी विचारतो."

रंजनानं त्यांच्याकडं बघितलं नाही. कुत्रीकडं बघत होती. "वैनी सुटल्या हे हिला कुणी सांगितलंच न्हाई, व्हय?" मग म्हणाली, "सोडा आत. दहाला आणायची. एकला न्यायची. तुम्ही आत यायचं न्हाई. हिकडं पायरीवर बसायचं."

"बसतो."

पहिल्या दिवशी रेवडीनं आत गेल्या गेल्या फरशी ओली केली. तिसऱ्या दिवशी तिनं दार खरवडलं. अण्णा उठले नाहीत. रंजना आत आपली कामं करत होती, भांडी घासत, मुलीला फोनवर रागावत, कुत्रीकडं न बघता. गल्लीतल्या बायका येता-जाता पायरीवरच्या अण्णांकडं बघायच्या. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. एकीनं विचारलं, "अण्णा, शिक्षा झालीय काय?" अण्णा हो म्हणाले.

सातव्या दिवशी शेडातून फोन आला. बारा नंबरच्या मागाचं यंत्राला कळेना झालंय, लगेच या. अण्णांनी सांगितलं, एकनंतर येतो. या वेळात मी मोकळा नसतो.

अकराव्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं रेवडीला दारात सोडलं आणि पायरीवर बसले. आत भाकऱ्या थापल्याचा आवाज आला, मग तवा उतरवल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. अण्णांना राहवेना. दार अर्धवट लोटलेलं होतं. त्यांनी हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"रंजनाताई," त्यांनी बाहेरूनच हाक मारली, "काय करतीय ती?"

आतून उत्तर यायला वेळ लागला. आलं ते दबक्या आवाजात.

"वरडू नगा. मांडीवर झोपलीय."